मुरमाच्या वाटेने द्राक्षशिवारात

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या अंगाने जाणारा डांबरी रस्ता सोडला, की मी आधी सायकलच्या टायरमधली हवा कमी करते. शहरातून येताना चाळीस मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये पन्नास पीएसआयच्या आसपास हवा असते, मुरमावर ती तिसेकवर आणायची. माझं वजन, पाठीवरचं पाणी आणि समोरची खडी बघून दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे. हवा जास्त राहिली तर टायर प्रत्येक दगडावरून उसळतो, पकड सुटते आणि तासाभरात मनगटं भरून येतात. फारच कमी केली तर रिम दगडावर आपटते. अंगठ्याने दाबल्यावर टायर किंचित आत जावा आणि लगेच परतावा, एवढं जमलं की पुढचा रस्ता सुसह्य होतो.

माझी सायकल ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या वाटांसाठीची. तिचं हँडल रेसिंग सायकलसारखं वाकडं असतं, पण चौकटीत रुंद टायरला जागा असते आणि चढासाठी बरेच हलके गिअर असतात. ट्यूब नसते. टायरच्या आत पातळ सीलंट भरलेलं असतं आणि ते भोकाशी येऊन आपोआप घट्ट होतं. नाशिकच्या शिवारात ही चैन म्हणता येणार नाही. बांधावर बाभळी आहेत आणि जानेवारीपासून वाटेच्या कडेला वाळलेले सराटे पडलेले असतात. चाक फिरवून पाहिलं तर चार-पाच सराटे रुतलेले सापडतात आणि प्रत्येकाभोवती पांढरा ओला ठिपका असतो. ते तिथेच उपटायचे नाहीत. घरी पोचेपर्यंत टायर टिकतात.

नाशिकच्या पश्चिमेचा हा भाग, म्हणजे सावरगाव, गंगाव्हरे, गिरणारे आणि पलीकडे दिंडोरी तालुका, सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे. क्षितिजावर अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, दिंडोरी बाजूला रामशेज. मधली जमीन सपाट कुठेच नाही. एक टेकाड चढायचं, ओढ्यात उतरायचं, पुन्हा चढायचं. सलग मोठा घाट नसल्यामुळे नवख्याला हा भाग सोपा वाटतो, पण पाय खरे थकतात ते या लहान-लहान चढांनीच.

मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाण. टेकडीच्या कुशीतून खणायचा, पाणंदीवर पसरायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा. नवा मुरूम तांबूस, टोकदार आणि सैल असतो. एक पावसाळा आणि ट्रॅक्टरची वर्दळ झाली की तो दबतो आणि त्यावर दोन चाकोऱ्या उमटतात. मधल्या उंचवट्यावर गवत, कडेला सुटी खडी. सायकल चाकोरीतून न्यायची, हे उघडच आहे. कधी ती सोडायची, हे शिकायला वेळ लागतो. वळणावर ट्रॅक्टरची ट्रॉली आतल्या बाजूची खडी बाहेर ढकलते, म्हणून वळणाची बाहेरची कड नेहमी सैल असते. उतारावर जिथे ट्रॅक्टर ब्रेक लावतात तिथे रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. त्यावर वेग फार कमी केला तर प्रत्येक लाट वेगळी बसते. थोडा वेग ठेवून, कोपर सैल सोडून आणि सीटवरून किंचित उठून गेलं तर सायकल अंगाखाली नाचते आणि आपण स्थिर राहतो.

चढावर उलटं. डांबरी चढ उभं राहून पॅडल मारत चढण्याची सवय असलेला माणूस मुरमावर उभा राहिला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, कारण वजन पुढे जातं. इथे बसूनच चढायचं. सीटच्या टोकाशी सरकायचं, छाती खाली घ्यायची, हलका गिअर लावून पाय गोल फिरवत ठेवायचे. थांबलात तर सैल खडीवरून पुन्हा निघणं अवघड असतं. म्हणून श्वास लागला तरी गती शून्यावर येऊ द्यायची नाही. उतरताना नजर चाकाच्या पुढ्यात न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवायची. पुढचा ब्रेक लावायचा तो सायकल सरळ असतानाच, वळणात शिरण्याच्या आधी.

एवढं सगळं अंगवळणी पडलं, की डोळे मोकळे होतात. ग्रॅव्हल सायकलिंग मला एवढं का आवडतं याचं उत्तर त्यातच आहे. मोटारीतून नाशिकच्या द्राक्षबागा पाहिल्या तर सगळं एकसारखं हिरवं दिसतं. सायकलच्या सीटवरून खायच्या द्राक्षांची बाग आणि वाईनची बाग लांबूनच वेगळी कळते. खायच्या द्राक्षांची वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर पसरलेली असते. पानं डोक्याच्या वर आणि घड खाली सावलीत. त्या बागेशेजारून जाताना नुसता अंधार दिसतो आणि ओल्या मातीचा गारवा अंगावर येतो. वाईनची वेल तारांवर उभी वाढवतात. अरुंद, सरळ रांग, घड गुडघा ते कमरेच्या उंचीवर, वर पानांची भिंत. दोन रांगांमधून थेट पलीकडची टेकडी दिसते. घडही निराळे असतात. लहान, गच्च भरलेले, मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. थॉम्पसन या खायच्या द्राक्षाचा लांबट मणी ज्याच्या ओळखीचा आहे त्याला वाईनच्या शिराझचा घड पहिल्यांदा बघताना अपुरा वाढलेला वाटतो.

डिसेंबरअखेर खायच्या बागांमध्ये निर्यातीच्या घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात, मण्यावर गुलाबी छटा येऊ नये म्हणून. वाईनच्या काळ्या वाणांमध्ये त्याच सुमाराला मण्यात पाणी उतरतं आणि एकाच घडात हिरवे, लाल, जांभळे मणी शेजारी-शेजारी दिसतात. एका बांधावर कागदात लपेटलेले घड आणि पुढच्या बांधावर उघड्यावर रंगणारे. जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षं आजही खाण्यासाठीच पिकतात. वाईन हा त्यातला लहान हिस्सा आहे, आणि तोही अलीकडचा. सुला या इथल्या वायनरीची पहिली वाईन 2000 मध्ये बाजारात आली आणि राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 चं आहे.

या वाटांवर फिरायचं तर बागेचं वेळापत्रक पाठ हवं. युरोपातली वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. इथली झोपत नाही, म्हणून तिची वर्षात दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्यानंतर फुटलेल्या काड्यांमध्ये पुढच्या मालाची तयारी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि तिच्यावर माल येतो. दोन्ही वेळा छाटलेल्या काड्या बांधावर आणि वाटेवर पडलेल्या असतात. तिरक्या कापलेल्या काडीचं टोक टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीत शिरलं तर सीलंट काही करू शकत नाही. त्या आठवड्यांत मी पाणंदीचा मधला गवताळ उंचवटा धरते.

गोडी छाटणीनंतरचे दोन-तीन महिने भुरी आणि डावणी या रोगांशी झुंजण्याचे असतात. ढगाळ हवा आली की पहाटेपासून ब्लोअर सुरू. ट्रॅक्टरच्या मागच्या पंख्यातून फवाऱ्याचा ढग उडतो आणि वाऱ्याबरोबर वाटेवर येतो. आवाज ऐकला की थांबायचं, वारा कुठून आहे ते बघायचं आणि ट्रॅक्टर रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत निघायचं नाही. गंगाव्हऱ्याच्या बाजूला एका बागायतदाराने मला हात करून लांबच थांबवलं होतं. ब्लोअर बंद करून तो वाटेपर्यंत चालत आला. “ताई, आज या अंगाला नका येऊ. उद्या दुपारनंतर या, मग खुशाल फिरा.” फवारणीच्या घाईतल्या माणसाने माझ्यासाठी ब्लोअर बंद करावा, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. आधी पांढरे वाण, शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ, नंतर शिराझ, कॅबर्ने. माल गार असतानाच वायनरीत पोचावा म्हणून काम भल्या पहाटे सुरू होतं. सूर्य वर येईपर्यंत रांगांच्या तोंडाशी क्रेटच्या थप्प्या लागलेल्या असतात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा आणि आजूबाजूच्या पाड्यांवरून आलेली माणसं टोळ्या करून पिकअपमधून बागांकडे निघतात. हंगामात पाणंद त्यांची आणि ट्रॅक्टरची असते. समोरून भरलेली ट्रॉली आली तर सायकल उचलून बांधावर चढायचं. ट्रॉलीला सैल कडेला उतरावं लागलं तर क्रेट हिंदकळतात, मणी फुटतात आणि फुटलेला मणी वायनरीत पोचण्याआधीच आंबायला लागतो.

पावसानंतर मात्र कुणी थांबवायची वाट बघायची नाही, आपणच या वाटांवर यायचं टाळायचं. मुरूम तासाभरात निथळतो, पण दोन टेकाडांच्या मधल्या सखल पट्ट्यात काळी माती असते. ती टायरला चिकटते, चौकटीत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. त्याहून वाईट म्हणजे ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून तशीच घट्ट होते आणि पुढचे कित्येक दिवस प्रत्येक ट्रॉलीला तिच्यातून जावं लागतं. दोन कोरडी उन्हं पडेपर्यंत मी डांबरावरच सायकल चालवते.

इटलीत टस्कनीच्या कियांती भागात असेच कच्चे रस्ते आहेत, पांढऱ्या खडीचे. त्यांच्यावर डांबर पडू नये या तळमळीने जानकार्लो ब्रोची यांनी 1997 मध्ये गायोले गावातून जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू केली, आणि 2007 पासून त्याच रस्त्यांवरून सिएनापर्यंत व्यावसायिक शर्यतही होते. तिथे सायकलस्वारांनी रस्ते वाचवायला हातभार लावला, हे मला मोलाचं वाटतं. पण तीच मागणी इथे करायला माझी जीभ रेटत नाही. पावसाळ्यात पाणंद बंद पडली की इथल्या बागायतदाराला ऐन फवारणीच्या दिवसांत बागेत ट्रॅक्टर नेता येत नाही. त्याच्या ग्रामसभेने रस्ता पक्का मागितला तर तो व्हायलाच हवा. मला मागावीशी वाटते ती गोष्ट लहान आहे. जिथे मुरूमच पडणार आहे तिथे कडेला चर खणावी, ओढ्यावर नळी टाकावी आणि रोलर दोनदा जास्त फिरवावा. पाणी निघून गेलं तर मुरमाचा रस्ता वर्षानुवर्षं टिकतो, त्यावर क्रेटही कमी हिंदकळतात, आणि सायकलही उत्तम चालते.