मामांचा फोन आणि पंधरा आकडे

आपल्या बेटावरून भारतयात्रेला जाणारे बहुतेकजण परतताना पेटीत काही ना काही भरून आणतात. कुणी पैठणी, कुणी समई, कुणी कोकमे. वाक्वा येथे राहणाऱ्या आमच्या थोरल्या मामांनी २०२३च्या डिसेंबरात मुंबईहून आणला तो मोबाइल फोन.

परतीच्या आदल्या दिवशी एका गर्दीच्या गल्लीत त्यांनी तो घेतला. दुकानात ज्याला तिप्पट पैसे पडले असते तो ९,५०० भारतीय रुपयांत मिळाला. खोका नव्हता. बिलाचे विचारले तेव्हा विक्रेता म्हणाला, "काका, घरचाच माल आहे, बिल कशाला?" मामांना 'घरचाच' हा शब्द फार आवडला. आपल्या माणसाने आपल्या भाषेत सांगितले म्हणजे खरेच असणार, असे आपल्याला परदेशात राहून वाटू लागते हे कबूल केले पाहिजे.

घरी आल्यावर इथले सिम घातले. फोन नऊ महिने उत्तम चालला. त्याच काळात मामी वारल्या. त्यांची शेवटची छायाचित्रे आणि एका संध्याकाळी म्हटलेली आरती त्या फोनातच होती.

२०२४च्या गणेशोत्सवात मामा रत्नागिरी जिल्ह्यात भाऊबंदांकडे गेले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतले जुने कागद चाळून, पाच पिढ्यांनंतर शोधून काढलेले हे भाऊबंद. गणपती बसला त्या दिवशी चुलतभावाने प्रेमाने आपले एक सिम मामांच्या फोनात घातले. फोनने नेटवर्क पकडले नाही. दोन-तीनदा प्रयत्न करून सिम काढले आणि भावाच्या जुन्या फोनात परत घातले. तिसऱ्या दिवशी त्याच क्रमांकावर पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. सिम भावाच्या नावाचे, म्हणून पहिला प्रश्न भावालाच. ऐन गौरी-गणपतीत, गावभर पाहुणे असताना!

फोन चोरीचा होता.

आता हे कळले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक मोबाइल संचाला पंधरा आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्याला आय.एम.ई.आय. म्हणतात. पहिले आठ आकडे संचाची जात सांगतात, पुढचे सहा त्या एकट्या संचाचे, आणि शेवटचा आकडा आधीच्या चौदांवरून हिशेब करून काढलेला पडताळ्याचा. दोन सिमांच्या फोनाला असे दोन क्रमांक असतात. फोन नेटवर्कला जोडू पाहतो तेव्हा हा क्रमांक पुढे जातो. सिम बदलले तरी तो तोच राहतो.

भारत सरकारने या क्रमांकांची मध्यवर्ती नोंदवही केली आहे. तिचे नाव सी.ई.आय.आर. २०१९मध्ये प्रथम महाराष्ट्रात व नंतर दिल्लीत ती चालू झाली आणि मे २०२३मध्ये 'संचार साथी' या नावाखाली सगळ्या देशात. फोन चोरीस गेला की मालकाने पोलिसांत तक्रार द्यायची आणि तिच्या प्रतीसह क्रमांक तेथे नोंदवायचा. मग भारतातले कोणतेही नेटवर्क त्या संचाला थारा देत नाही, आणि कुणी त्यात सिम घातले तर ते कोणाचे याची वर्दी पोलिसांकडे जाते. मात्र ही बंदी भारतातल्या नेटवर्कांपुरती. म्हणून मामांचा फोन वाक्व्यात बिनतक्रार चालला आणि रत्नागिरीत अडला. समुद्र ओलांडला की चोरीच्या मालाला मोकळे रान मिळते, ते असे.

बनावट फोनांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचा क्रमांक एक तर धड नसतो, नाहीतर दुसऱ्या एखाद्या खऱ्या संचाचा उचललेला असतो. २०२०मध्ये मेरठ पोलिसांना एकाच क्रमांकावर चालणारे तेरा हजारांहून अधिक फोन आढळले. एका पोलिसाचा फोन दुरुस्तीहून आल्यावर त्याचा क्रमांक बदललेला दिसला, तेव्हा हे प्रकरण उघडकीस आले. केनिया सरकारने २०१२च्या सप्टेंबरअखेर बनावट फोन सरसकट बंद केले. लाखो संच एका रात्रीत मुके झाले. ते विकणाऱ्यांचे पैसे केव्हाच खिशात गेले होते. फटका बसला तो विकत घेणाऱ्यांना. सरकारांनी आधी घाऊक विक्रेत्यांचे गोदाम उघडावे, असे माझे मत आहे.

असो. जुना फोन घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी त्यावर *#०६# दाबा. क्रमांक पडद्यावर येतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. भारतात असाल तर १४४२२ या क्रमांकावर के.वाय.एम. ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून पंधरा आकडे, असा संदेश पाठवला की तो संच कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या जातीचा हे कळते. हातात एक फोन आणि उत्तरात दुसराच, तर तेथून निघा. उत्तर बरोबर आले तरी बिल सोडू नका, कारण उचललेला क्रमांकही बरोबरच उत्तर देतो. क्रमांक बदलून देणाऱ्या कारागिराच्या नादी तर मुळीच लागू नये. भारतात तो गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये २००२च्या कायद्यापासून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि नव्या फोनासाठी इथल्या दुकानात चार रुपये जास्त पडले तर पडू द्यात. तक्रार करायची झाली तर दुकानदार निदान उद्याही त्याच जागी सापडतो.

ठाण्यावरचा अंमलदार भला निघाला. "आजोबा, तुम्हाला माहीत नव्हतं हे दिसतंच आहे, पण फोन ठेवावा लागेल," म्हणाला. पंचनाम्याआधी त्याने छायाचित्रे उतरवून घेऊ दिली. आरतीचे ध्वनिमुद्रण मात्र कोणत्या कप्प्यात होते ते कुणालाच सापडले नाही. मामांनी विक्रेत्याचे वर्णन दिले, जबाबावर सही केली आणि भावाच्या हाताला धरून बाहेर आले. वाटेत भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, विसर्जनाला अजून दोन दिवस आहेत. घरी चल."