गांवकूस, कूड आणि धरणाची भिंत

भिंत ही मनुष्याच्या अगदीं आरंभींच्या निर्मितींपैकीं एक होय. वारा, पाऊस, श्वापद आणि शत्रु यांपासून आसरा मिळावा म्हणून त्यानें ती उभारली. परंतु भिंत एकाच वेळीं दोन कामें करते: आंतल्यास आश्रय देते आणि बाहेरच्यास बाहेर ठेवते. म्हणून कोणतीहि भिंत पाहतांना ती किती उंच आहे एवढेंच विचारून भागत नाहीं. ती कोणाच्या श्रमानें किंवा कोणाच्या त्यागानें उठली, आणि तिचा आसरा कोणास लाभला, हेंहि विचारावें लागतें. मराठी समाजांत या प्रश्नाचें उत्तर फार जुनें आहे. आणि त्याची अलीकडची आवृत्ति नंदुरबार जिल्ह्यांतील सातपुड्यांत वाचावयास मिळते.

मराठी मनास भिंत म्हटली कीं प्रथम आठवते ती ज्ञानेश्वरांनीं चालविलेली. वाघावर बसून येणाऱ्या चांगदेवांस सामोरीं जाण्यासाठीं चारी भावंडें भिंतीवर बसून निघालीं, ही आख्यायिका घरोघरीं सांगितली जाते. जड भिंत हलली आणि योग्याचा अभिमान गळाला, असा तिचा आशय. परंतु याच संतपरंपरेंत दुसरीहि एक भिंत आहे, आणि ती चालली नाहीं, कोसळली. महार समाजांत जन्मलेले चोखामेळा मंगळवेढ्यास गांवकुसाच्या बांधकामावर राबत असतां १३३८ सालीं तें कूस ढांसळलें आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाहि त्याखालीं गाडले गेले. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि पंढरपुरास आणल्या, असें परंपरा सांगते. त्यांची समाधि विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर आहे. द्वाराच्या आंत नव्हे. ज्या कुसाच्या आंत राहण्याचा अधिकार ज्यास नव्हता, त्याच्याच हातांनीं तें बांधलें जावें आणि त्याच्याच अंगावर पडावें, याहून भिंतीचा अन्याय अधिक स्पष्ट करणारी घटना शोधून सांपडणार नाहीं.

डॉ. आंबेडकरांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेला अस्पृश्यतेच्या उगमाविषयींचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. अस्पृश्यांची वस्ती गांवाबाहेरच कां, हाच त्या ग्रंथांतील एक मुख्य प्रश्न. त्यापूर्वीं एकच वर्ष, मे १९४७ मध्यें, साने गुरुजींनीं पंढरपुरास दहा दिवस उपोषण केलें, तें विठ्ठलमंदिराचें दार हरिजनांस उघडावें म्हणून. दार उघडलें, परंतु ‘गांवकुसाबाहेर’ हा शब्द मराठी भाषेंतून आणि साहित्यांतून गेला नाहीं, कारण तो सांगत असलेली स्थिति पुरती गेली नाहीं.

गांवकूस हें सपाट मुलुखाचें. साने गुरुजींची कर्मभूमि जो खानदेश, त्याच्या वायव्य टोंकास सातपुड्याच्या रांगा थेट नर्मदेपर्यंत गेल्या आहेत. हा डोंगरी प्रदेश १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत मोडतो. येथील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत भिल्ल आणि पावरा लोकांच्या गांवांना कूस नसतें. गांव म्हणजे दूरदूर विखुरलेले पाडे, आणि पाडा म्हणजे आपापल्या शेतांत उभीं असलेलीं घरें. घराची भिंत कुडाची: बांबूच्या कामट्या विणून त्यांवर शेणामातीचा गिलावा दिलेला. ती जीर्ण झाली तर जवळच्याच रानांतून तिची डागडुजी होते. आणि घर हलवावयाचें झालें तर लांकडें व कौलें उतरवून तें दुसरीकडे उभें करतां येतें. कुडाची भिंत कोणास बाहेर ठेवण्यासाठीं नसते.

अशा बिनकुसाच्या मुलुखाचें भवितव्य एका दूरच्या भिंतीनें ठरविलें. गुजराथेंत केवडियाजवळ नर्मदेवरील धरणाची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्तें ५ एप्रिल १९६१ रोजीं बसविली गेली. त्याच वर्षीं ऑगस्टांत बर्लिन शहर दुभंगणारी भिंत उठली. ती माणसें अडविण्यासाठीं होती. जगानें तिला विभागणीचें प्रतीक मानलें आणि १९८९ सालीं ती पडली तेव्हां आनंद केला. नर्मदेवरची भिंत पाणी अडविण्यासाठीं होती. तिच्या कालव्यांचें पाणी कच्छ, सौराष्ट्र आणि राजस्थानपर्यंत पोंचलें, तहानलेल्या गांवांना मिळालें, ही गोष्ट लहान नव्हे. तेव्हां दोन्ही भिंतींस एका मापानें मोजणें न्यायाचें होणार नाहीं. तथापि पाणी अडविणाऱ्या भिंतीलाहि दोन बाजू असतात. एका बाजूस कालवा असतो आणि दुसऱ्या बाजूस बुडीत.

महाराष्ट्राच्या वांट्यास आलेल्या बुडितांत नंदुरबार जिल्ह्यांतील ३३ गांवें होतीं. नर्मदा पाणीतंटा लवादानें १९७९ सालीं दिलेल्या निवाड्यांत पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर ठरली. वाटपास घेतलेल्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यांतून महाराष्ट्रास पाव दशलक्ष एकर-फूट पाणी आणि धरणाच्या विजेपैकीं २७ टक्के वीज देण्यांत आली. त्याच निवाड्यानें असेंहि बजावलें होतें कीं, ज्याची पाव हिश्शाहून अधिक जमीन जाईल त्या कुटुंबास किमान दोन हेक्टर जमीन मिळावी, आणि तीहि पाणी चढण्यापूर्वीं. उंच भिंतींत ठेवलेला हा न्यायाचा दरवाजा होता.

दरवाज्यापुढें मात्र दुसरीच एक भिंत निघाली, ती कागदाची. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या डोंगरउताराच्या जमिनीचा उतारा अनेकांपाशीं नव्हता. दप्तराच्या लेखीं तें जंगलावरील अतिक्रमण होतें. ज्याची जमीन कागदावर नाहीं, त्याचें नुकसानहि कागदावर नाहीं. पुनर्वसनाची गति मंद आणि बांधकामाची गति वेगाची, असें झाल्यावर संघर्ष अटळ झाला. जागतिक बँकेनें १९८५ सालीं कर्ज मंजूर केलें होतें. तिनेंच नेमलेल्या मोर्स समितीनें १९९२ सालीं प्रतिकूल अहवाल दिला आणि १९९३ च्या मार्चांत उरलेलें कर्ज सोडून देण्यांत आलें. बुडिताचें पहिलें गांव मणिबेली. तेथील शूलपाणेश्वराचें जुनें मंदिरहि पाण्याखालीं गेलें. पुढें डोमखेडीस लोक भर पावसाळ्यांत चढत्या पाण्यांत उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयानें १८ ऑक्टोबर २००० रोजीं टप्प्याटप्प्यानें बांधकामास मुभा दिली. २००६ सालीं भिंत १२१.९२ मीटरपर्यंत पोंचली, २०१७ सालीं दरवाजे मिटले आणि सप्टेंबर २०१९ मध्यें जलाशय प्रथमच कांठोकांठ भरला.

बुडितांतील अनेक कुटुंबें तळोदा व शहादा तालुक्यांच्या सपाटीवर वसविलीं गेलीं. शेतांत एकटें उभें असणारें घर तेथें ओळींतलें घर झालें. नदी, रान आणि मासळी मागें राहिली. कुडाची भिंत हलवितां येते. तिच्या भोंवतालचें जगणें हलवितां येत नाहीं, हा धडा ज्यांस मिळाला त्यांनीं तो मागितला नव्हता.

शहादा भागांतील भिल्ल कवि वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा काव्यसंग्रह १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठीं बोललें जातें त्यांना स्वतः बोलूं दिलें जात नाहीं, ही वेदना त्यांच्या कवितेंत मराठी वाचकांपुढें आली. बोलणारा आणि ज्याच्याविषयीं बोललें जातें तो, यांच्यामधील ही भिंत डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु इतर सर्व भिंती तिच्याच पायावर उठतात. मंगळवेढ्याचें कूस कोठें घालावें हें चोखोबास कोणी विचारलें नव्हतें. नर्मदाकांठच्या पाड्यांनाहि, कोनशिला बसली तेव्हां, कोणी विचारलें नव्हतें.

भिंतीला कान असतात असें म्हणतात. समाजाला भिंती तर लागणारच. धरणेंहि लागतील आणि घरेंहि. मात्र प्रत्येक भिंतीचा नकाशा आंखला जात असतांनाच, जो तिच्या बाहेर राहणार आहे त्यास आंत बोलावून त्याचें म्हणणें ऐकलें जावें, आणि त्याचा हिस्सा भिंत उठण्यापूर्वीं त्याच्या हातीं पडावा. एवढी रीत पाळली गेली असती, तर सातपुड्यांतील कित्येक घरांना आपलीं लांकडें पाण्याच्या भीतीनें उतरवावीं लागलीं नसतीं.