बंजी आणि शिरोरेषेचा सांधा

आउटलाइनचा फॉन्ट वेगळा कशाला हवा, हा डीटीपीवाल्यांचा प्रश्न रास्त आहे. भरीव अक्षर निवडायचं, आतला रंग काढायचा, कडेला रेघ द्यायची. संगणकावर हे एका क्लिकसरशी होतं. पण ही रेघ सहसा अक्षराच्या कडेवर निम्मी आत, निम्मी बाहेर बसते. बाहेरची निम्मी शेजारच्या अक्षराला चिकटते आणि आतली आधीच अरुंद असलेल्या जागा बुजवते. अमेरिकी टाइप डिझायनर डेव्हिड जोनाथन रॉस यांचा ‘बंजी’ (२०१६) मात्र कडेची रेघ आधीपासूनच हिशेबात धरतो. दुकानांच्या पाट्यांवरून, त्यातही एकाखाली एक अक्षर रचलेल्या उभ्या पाट्यांवरून तो सुचला. त्यात भरीव अक्षर, बाह्यरेषा, आतली रेघ आणि सावली असे वेगवेगळे थर आहेत, आणि ते एकमेकांवर नेमके बसतात. पाट्या रंगवणारा पेंटरही आधी अंग भरतो, मग कड काढतो, मग सावली टाकतो. म्हणून बंजीची बाह्यरेषा एकटी वापरली तरी खट्याळ दिसते आणि थरांत वापरली तर दोन-तीन रंगांची अख्खी पाटी उभी करते. शिवाय तो खुल्या परवान्याचा, म्हणजे फुकट आहे.

पोकळ अक्षर वाचायला जड जातं, हा आक्षेप खराच आहे. भरीव अक्षरात एक काना म्हणजे एक काळा पट्टा. इथे त्याच कान्याच्या दोन रेघा होतात, आणि लहान आकारात डोळा त्यांत गोंधळतो. मजकुरासाठी आउटलाइनचा फॉन्ट वापरणं चूकच. पण पोस्टर, मुखपृष्ठ, खाऊचं पाकीट, टी-शर्ट यांवर शब्द असतात दोन-तीन, आणि तिथे पोकळपणाच कामाला येतो: अक्षराच्या पोटातून मागचं छायाचित्र दिसत राहतं, त्यामुळे शब्द भलामोठा करूनही चित्र झाकलं जात नाही.

बंजीत देवनागरी नाही, आणि एका क्लिकचा युक्तिवाद सगळ्यात आधी कोसळतो तो देवनागरीतच. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. भरीव अक्षरात हा सांधा दिसत नाही. आउटलाइन दिली की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. वेलांटीच्या आणि रफाराच्या सांध्यावरही तेच. गल्लोगल्लीच्या फ्लेक्सवर अशा चिरा हव्या तेवढ्या सापडतात. उपाय म्हणून ऑपरेटर मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदलून वेल्ड करतो, म्हणजे तुकडे जोडून एक करतो, पण मग त्यातलं शुद्धलेखन सुधारायची सोय संपते. (फ्लेक्सवरच्या ऱ्हस्व-दीर्घाचं सगळं खापर मात्र वेल्डवर फोडता येणार नाही.) फॉन्ट बनवणाऱ्या ‘एक टाइप’च्या ‘मोदक’ या फॉन्टने गुबगुबीत देवनागरी अक्षराच्या पोटातली पोकळी केसाएवढी बारीक करून दाखवली, तो खेळकरपणा सॉफ्टवेअरच्या बटणातून आलेला नाही, अक्षर-अक्षर काढून आलेला आहे. बाह्यरेषेच्या देवनागरीलाही तेवढेच कष्ट लागतील: शिरोरेषेची टोकं शब्दाच्या आत उघडी, सुरुवातीला आणि शेवटी बंद, आणि कोणतं रूप कुठे यायचं ते शेजारचं अक्षर पाहून फॉन्टनेच ठरवायचं. ओपनटाइप या फॉन्टच्या स्वरूपात त्याची सोय आहे.