पद्मिनीचे पाटे आणि वेल्डिंगचा टाका

जुनी पद्मिनी स्वतःच्या हातांनी उभी करायला निघालेला माणूस वेल्डिंग मशीन आणतो आणि पहिला टाका मारायला थेट गाडीखाली शिरतो. ‘लोखंडाला लोखंड जोडायचं, त्यात काय,’ हा समज इथे सर्वांत धोक्याचा. फियाट ११०० च्या घराण्यातल्या, कुर्ल्यात बनलेल्या या गाडीला पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, तर मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. हे सगळं एकाच जातीचं लोखंड नाही.

पाट्याचंच बघा. साध्या एम.एस. (माइल्ड स्टील) पट्टीत कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास असतो, पाट्याच्या पोलादात ०.५ टक्क्याच्या वर. शिवाय ते कारखान्यात कडक करून, पुन्हा तापवून टेम्पर केलेलं असतं. टाका पडला की लगतची कड झपाट्याने निवते आणि ठिसूळ होते. थोडं पलीकडचं पोलाद मऊ पडतं. टाका शाबूत राहतो, पाटा त्याच्या शेजारून तडकतो. काही गॅरेजांत गरम टाक्यावर पाणी ओततात, त्याने हा ठिसूळपणा आणखी वाढतो. तुटलेला पाटा बदलायचाच. कॉइल स्प्रिंग, विशबोन, स्टब अ‍ॅक्सल यांनाही घरी रॉड लावू नये.

मग सस्पेंशनच्या वेल्डिंगला हात लावायचाच नाही का? तसंही नाही. पाटा जिथे बॉडीला धरलेला असतो, तिथला पत्रा आणि ब्रॅकेट साध्या पोलादाचे असतात. मुंबईच्या दमट हवेत तेच आधी कुजतात आणि ते वेल्डिंगने दुरुस्त होतात. मात्र गंजावर नवा पत्रा ठोकून चालत नाही. ग्राइंडरने चकाकी येईपर्यंत खरवडायचं, कुजलेलं कापून काढायचं आणि टाका निरोगी धातूत घ्यायचा. हे काम अनुभवी वेल्डरने करावं, नवशिक्याने शेजारी उभं राहून शिकावं.

टाका सुबक दिसला म्हणजे पक्का, हाही भ्रमच. मिग मशीनवर करंट कमी पडला तर वरून छान लहर दिसते आणि खाली धातू वितळलेलाच नसतो. त्याच जाडीच्या भंगार तुकड्यांवर टाका मारा, ते व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवा. टाका सोलून निघाला तर अजून सराव हवा. दिसायला सपाट हवा म्हणून जोड घासून पातळ करू नका.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवा. अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. लांब लावल्यास करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन त्यावर खड्डे पाडतो. जवळची पेट्रोलची टाकी आणि पाइप काढून दूर ठेवा. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आणि ‘एकच टाका आहे’ म्हणून उघड्या डोळ्यांनी बघू नका. तेव्हा काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.