‘कॉन’ नावाचा फोल्डर आणि पेढीवरचा संगणक

संगणकावर ‘कॉन’ नावाचा फोल्डर कोणालाही तयार करता येत नाही आणि त्याचे कारण खुद्द मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांनाही ठाऊक नाही, असा एक संदेश आपल्याकडे ई-मेलमधून पुष्कळ फिरला. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. विंडोजवर सी, ओ, एन ही तीन अक्षरे लिहून पाहावीत. संगणक ते नाव नाकारतो. उत्तरार्ध मात्र निव्वळ कंडी.

कारण जुने आहे. १९८१ साली आलेल्या डॉस प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर ही कल्पनाच नव्हती. कळफलक व पडदा मिळून ‘कॉन’, प्रिंटर म्हणजे ‘पीआरएन’ आणि ज्यात टाकलेले सारे नाहीसे होते ते ‘नल’, अशी राखीव नावे होती. १९८३ मध्ये फोल्डर आले. पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीवच राहिली. जुन्या वहीतील खाते दरसाल नव्या वहीत ओढले जावे, तसा हा वारसा चालत आला. विंडोज ९५ व ९८ मध्ये तर एकाच पत्त्यात ‘कॉन’ दोनदा आले की संगणक कोलमडत असे. त्याची दुरुस्ती मार्च २००० मध्ये निघाली.

ही गंमत झाली. व्यापाऱ्याला महाग पडणारी खोड निराळीच आहे. फाईलीच्या नावाचे शेवटचे शेपूट, म्हणजे ती कागदपत्र आहे की प्रोग्रॅम हे सांगणारी अक्षरे, विंडोज मुळातच लपवून ठेवते. मे २००० मध्ये जगभर हाहाकार उडविणारे ‘आय लव्ह यू’ हे प्रकरण याच आडोशाने पसरले. प्रेमपत्राच्या नावापुढे ‘टीएक्सटी’ दिसे. त्यामागचे ‘व्हीबीएस’ दिसत नसे. आज त्याच रीतीने ‘बीजक.पीडीएफ’ या नावामागे ‘ईएक्सई’ दडलेले असू शकते. फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय चालू केला की शेपूट दिसू लागते. हा पर्याय कंपनीने आरंभापासूनच चालू का ठेवू नये, हे कळत नाही.

नवा प्रोग्रॅम बसवताना पडदा काळवंडतो आणि परवानगीचा प्रश्न विचारला जातो, ही सोय २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर घरोघर आली. लोक तिला इतके कंटाळले की दोन वर्षांनी विंडोज ७ मध्ये प्रश्न कमी करावे लागले. पण ते काळवंडणे शोभेचे नाही. त्या क्षणी प्रश्नाची चौकट वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर उघडते. मागे चालू असलेल्या लबाड प्रोग्रॅमला तिथे ‘होय’ दाबता येत नाही. ते माणसालाच दाबावे लागते.

आणि पेढीवर ते कोण दाबते? संगणक प्रथम सुरू करताना जे खाते तयार होते, ते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चे, म्हणजे पूर्ण अधिकाराचे असते. पुष्कळ दुकानांत मालक, दिवाणजी आणि सुट्टीत येणारी मुले सारे त्याच खात्यावर बसतात. त्यामुळे प्रश्नाला फक्त ‘होय’ पुरते. दिवाणजींसाठी ‘स्टँडर्ड’ खाते वेगळे काढले, तर त्याच जागी संगणक मालकाचा पासवर्ड मागतो. हिशेबाचे रोजचे काम त्याने सहसा अडत नाही. नवा प्रोग्रॅम संपूर्ण यंत्रावर बसवायचा झाला, तर शेठजींना तेवढ्यापुरते उठून यावे लागते.