कूस बदलण्याआधी

पहाटेचे साडेचार. शिरूरच्या आमच्या आयसीयूत चार नंबरच्या खाटेवरचे बाबा दौंड तालुक्यातले, पारगावच्या बाजूचे. परवा रात्री चौफुला-न्हावरा रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची मोटारसायकल मागून धडकली. उजवीकडच्या पाच बरगड्या मोडल्यात. छातीत नळी, तोंडात व्हेंटिलेटरची नळी. बोलायची सोयच नाही.

कूस बदलायची वेळ झालीय. मी आणि मावशी दोन्ही बाजूंनी चादर धरतो. नवीन लागलेली सिस्टर मॉनिटरकडे बघून म्हणते, "पल्स चौऱ्याऐंशी, बीपी नॉर्मल. झोपलेत, ताई."

मी चादर सोडते. बाबांना बीपीची जी गोळी चालू आहे, ती नाडी वाढूच देत नाही.

"मॉनिटर राहू दे. चेहरा बघ."

भुवया खाली ओढलेल्या, डोळे घट्ट मिटलेले. दोन. डावा हात हळूहळू छातीच्या नळीकडे सरकतोय. एक. मी त्यांचं कोपर दुमडून बघते, हात ताठ लागतो. एक. मध्येच खोकला येऊन व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतो आणि आपोआप थांबतो. एक. आठपैकी पाच. या मोजणीला सीपॉट म्हणतात. कॅनडातल्या सेलिन जेलिनास या नर्सने सहकाऱ्यांबरोबर ती तयार केली, 2006 साली प्रसिद्ध केली. तीन किंवा त्याहून जास्त भरले, की दुखतंय असं धरायचं. यंत्र काहीच लागत नाही, मिनिटभर माणसाकडे नीट बघावं लागतं.

"झोपेचं वाढवू का थोडं?"

"नको. त्यानं ते हलायचे थांबतील. दुखणं आत तसंच राहील, आपल्याला दिसणार नाही एवढंच."

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही किती जणांचे हात बांधले, झोपेचं औषध दिलं आणि पेशंट शांत आहे असं लिहिलं. आठवलं की अजून पोटात कालवतं.

डॉक्टर सरांना फोन करते. मग कुलपाचं कपाट, रजिस्टरवर सही, फेंटानिलची दोन मिलीची अँप्यूल. सरांनी सांगितलेले 25 मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिली, पातळ करून सावकाश सोडते. आता थांबायचं. मावशींना अजून तीन खाटा उरकायच्यात, तरी त्या थांबतात. सहा हजारांच्या आसपास रुग्णांना विचारून केलेला एक अभ्यास 2001 मध्ये आला होता. त्यात मोठ्या माणसांना सगळ्यात जास्त दुखल्याचं निघालं ते सुई टोचताना नाही, कूस बदलताना.

दाराशी बाबांच्या मंडळी उभ्या आहेत. मी त्यांना आत घेते.

"सिस्टर, ह्यांना दुखलं की डावा अंगठा मुठीत धरत्यात. दाढ काढली तवा बी तसंच. तोंडानं कधी सांगायचे न्हाईत."

मी मूठ बघते. अंगठा आत आहे, नखाभोवतीची कातडी पांढरी पडलीय.

चार-पाच मिनिटांनी भुवया सैल होतात. आम्ही तिघी मिळून, छातीची नळी सांभाळत, हळू वळवतो. कपाळावर आठी येते, खोकला येतो. पुन्हा मोजते. दोन.

"आता न्हाई ना दुखत?"

"कमी झालंय, काकू. अगदी गेलं नाही."

काकू खाटेच्या कडेला हात टेकून उभ्या राहतात. मी चार्टवर पाच आणि दोन मांडते, साडेसहाला कूस बदलण्याआधी पुन्हा मोजायचं, असं लिहिते. त्या इंग्रजी चार्टच्या वरच्या मोकळ्या जागेत मोठ्या अक्षरांत मराठीतच लिहिते : दुखलं की डावा अंगठा मुठीत.