तीन सर्व्हर, एकच तारीख

आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर आणि वर्धा. जिल्ह्यातल्या या आठ तालुक्यांपैकी कुठल्याही गावातून मोबाइलवर सातबारा उघडला, की पडद्यावर गट नंबर दिसण्याआधी एक तपासणी होऊन जाते. समोरचा सर्व्हर खरोखर सरकारी आहे ना, हे फोनमधला ब्राउझर पडताळतो. सर्व्हर आपले सुरक्षा प्रमाणपत्र पुढे करतो. त्यात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही आणि दोन तारखा असतात: कधीपासून वैध आणि कधीपर्यंत. त्या सार्वजनिक किल्लीची जोडीदार असलेली खासगी किल्लीही आपल्याकडेच आहे, हे सर्व्हरला गणिताने सिद्ध करून दाखवावे लागते. हे सगळे जुळले तरच पान उघडते. शेवटची तारीख उलटून गेली असेल, तर सर्व्हर सुरू असूनही सेवा बंद पडते.

पीककर्ज, पीकविमा, हमीभावाची कापूस खरेदी या सगळ्यांना सातबारा लागतो. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन देण्याची सुरुवात राज्यात 1 मे 2018 रोजी झाली. 15 ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची ई-पीक पाहणी राज्यभर आली. तिला मुदत असते आणि शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर गर्दी उसळते. म्हणून असल्या सेवा एका यंत्रावर ठेवत नाहीत. अनेक सर्व्हरांचा समूह, म्हणजे क्लस्टर, उभा करतात. समोर लोड बॅलन्सर असतो, तो येणारी कामे वाटून देतो. एक सर्व्हर पडला तरी बाकीचे काम चालू ठेवतात.

हार्ड डिस्क जळणे, वीजपुरवठा तुटणे, नेटवर्कची तार निखळणे या घटना सहसा वेगवेगळ्या वेळी घडतात. जादा सर्व्हर ठेवण्याचा सगळा हिशेब त्याच गृहीतावर बेतलेला आहे. प्रमाणपत्राची मुदत मात्र हे गृहीतच मोडते. क्लस्टर उभारताना तंत्रज्ञ सगळ्या सर्व्हरांची प्रमाणपत्रे बहुधा एकाच दुपारी तयार करतो. ती संपतातही एकाच दुपारी. तीन विहिरींवर तीन पंप बसवले आणि तिन्हींची वीज एकाच डीपीवरून घेतली, तर डीपी जळताच तिन्ही पंप बंद पडतात. तशीच ही गत आहे.

याचा मोठा धडा 6 डिसेंबर 2018 रोजी मिळाला. ब्रिटनमधल्या ओ-टू कंपनीच्या जाळ्यावरील सुमारे 3 कोटी 20 लाख ग्राहकांच्या मोबाइलवरचे इंटरनेट बंद पडले. त्याच दिवशी जपानमध्ये सॉफ्टबँकेची मोबाइल सेवाही काही तास ठप्प झाली. दोन्हीकडे एरिक्सन कंपनीची यंत्रणा होती आणि तिच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. यंत्रणेत जादा यंत्रे होती, पण त्या सगळ्यांत तेच सॉफ्टवेअर आणि तीच तारीख. 3 फेब्रुवारी 2020 रोजी मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सेवा काही तास बंद राहिली, त्याचेही कारण मुदत संपलेले प्रमाणपत्रच होते. नादुरुस्तीची तारीख वर्ष-दोन वर्षे आधी यंत्रातच लिहून ठेवलेली असते आणि तरीही ती चुकते, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

मग प्रमाणपत्रे बदलायची कशी? प्रमाणपत्र देणारी संस्था तीच राहणार असेल, तर काम तुलनेने सोपे आहे. मुदत संपण्याच्या बरेच आधी नवे प्रमाणपत्र तयार करायचे. लोड बॅलन्सरला सांगून पहिल्या सर्व्हरकडे नवी कामे पाठवणे थांबवायचे, हातातली कामे त्याला पूर्ण करू द्यायची. प्रमाणपत्र बदलायचे, सेवा पुन्हा सुरू करायची, बाहेरून जोडणी करून तारीख तपासायची आणि मगच त्याला रांगेत परत घ्यायचे. त्यानंतर दुसरा सर्व्हर. वापरणाऱ्याला यातले काहीच कळत नाही.

क्लस्टरच्या पोटात मात्र आणखी एक व्यवहार चालतो. सर्व्हर एकमेकांशी सतत बोलत असतात आणि तिथेही दोन्ही बाजू एकमेकांची प्रमाणपत्रे तपासतात. कुबरनेटिस ही आज सर्वत्र वापरली जाणारी क्लस्टर चालवण्याची प्रणाली घ्या. तिची सगळी नोंदवही एटसीडी नावाच्या डेटाबेसात असते आणि तो सहसा तीन किंवा पाच सर्व्हरांवर पसरलेला असतो. एखादी नोंद पक्की व्हायची तर बहुमत लागते: तिनांत दोघांचे, पाचांत तिघांचे. तिघांपैकी दोघांची प्रमाणपत्रे संपली, तर उरलेला एकटा धडधाकट असूनही काही लिहू शकत नाही. म्हणूनच इथे एका वेळी एकाच सर्व्हरला हात लावायचा, आणि तो पुन्हा सामील झाल्याची खात्री पटेपर्यंत दुसऱ्याकडे वळायचे नाही. कुबरनेटिस उभारण्याच्या क्यूबएडीएम या साधनाने तयार होणारी प्रमाणपत्रे मुळातच एका वर्षाची असतात. क्लस्टर उभारून वर्षभर कोणी त्याकडे पाहिले नाही, की पहिल्या वाढदिवशीच तो रुसतो.

सर्वांत कठीण काम त्यापुढचे, मूळ प्रमाणपत्र बदलण्याचे. सगळ्या प्रमाणपत्रांवर सही करणारे हे मूळ प्रमाणपत्र क्यूबएडीएममध्ये दहा वर्षांचे असते. ते एका सर्व्हरवर बदलले, की त्याचे नवे प्रमाणपत्र बाकीचे ओळखत नाहीत आणि क्लस्टर दुभंगतो. यावरचा उपाय क्रमात आहे. आधी प्रत्येक सर्व्हरला जुने आणि नवे अशा दोन्ही मुळांवर विश्वास ठेवायला शिकवायचे. ते सगळीकडे पोहोचल्यावर नव्या मुळाच्या सहीची प्रमाणपत्रे एकेक करून बसवायची. शेवटचा सर्व्हर बदलून झाला, की मगच जुने मूळ काढायचे. हे तीन टप्पे उलटसुलट केले तर कितीही पैसा ओतलेली यंत्रणा काही मिनिटांत बसते. दोन्हींवर विश्वास ठेवण्याचा हा मधला काळ हीच या विद्येची खरी किल्ली आहे.

विश्वासाचे मूळ अचानक हलण्याचा अनुभव भारताने घेतला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार आपल्याकडे प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक आहेत आणि देशाचे मूळ प्रमाणपत्र त्यांच्या ताब्यात असते. जुलै 2014 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणन विभागाकडून गुगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गुगलला आढळले. 3 जुलैला नियंत्रकांनी एनआयसीची मधल्या पातळीवरची प्रमाणपत्रे रद्द केली. पुढे क्रोम ब्राउझरने भारताच्या या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या सात डोमेनपुरता मर्यादित केला. त्यांत जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन आणि एसी डॉट इन ही होती. अशा वेळी मुदत बाकी असूनही प्रमाणपत्रे तातडीने बदलावी लागतात. ज्यांनी नेहमीची अदलाबदल अंगवळणी पाडलेली असते, त्यांनाच ही घाई झेपते.

सातबाराच्या कागदावर याच विद्येचे दुसरे रूप दिसते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते यूएसबी टोकनमधल्या डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राने, सही करतात. त्या सहीचे प्रमाणपत्रही दोन-तीन वर्षांत संपते. म्हणून जुना कागद खोटा ठरत नाही, कारण सही केली त्या क्षणी प्रमाणपत्र वैध होते का, एवढेच पाहायचे असते. संगणकावर पीडीएफ उघडल्यावर सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि अनेक जण दचकतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच, की त्या संगणकातल्या पीडीएफ वाचकाला भारताचे मूळ प्रमाणपत्र ठाऊक नाही. ते एकदा विश्वासू यादीत घेतले, की हिरवी खूण उमटते. इथेही प्रश्न मूळ पोहोचवण्याचाच आहे.

आता सर्व्हरांची प्रमाणपत्रे बदलण्याचे काम फार वारंवार करावे लागणार आहे. सप्टेंबर 2020 पासून संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची कमाल मुदत 398 दिवस होती. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या मंचाने एप्रिल 2025 मध्ये ती टप्प्याटप्प्याने उतरवायचे ठरवले: 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 मध्ये त्याच तारखेपासून 100 दिवस आणि 15 मार्च 2029 पासून अवघे 47 दिवस. किल्ली चोरीला गेली तरी चोराला ती थोडेच दिवस वापरता यावी, हा त्यामागचा विचार योग्य आहे. पण वर्षातून एकदा वहीत नोंद पाहून हाताने केले जाणारे काम आता वर्षातून आठ-नऊ वेळा येईल, तेही प्रत्येक सर्व्हरसाठी. ते माणसाच्या आठवणीवर सोडता येणार नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था 2015 पासून 90 दिवसांची प्रमाणपत्रे फुकट आणि स्वयंचलित पद्धतीने देते आहे, म्हणजे साधने दशकभरापूर्वीच तयार झाली आहेत.

वर्ध्यातल्या सहकारी पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये आणि बाजार समित्या यांनी आपल्याकडे कुठल्या यंत्रावर कुठले प्रमाणपत्र आहे आणि ते कधी संपते, याची यादी याच महिन्यात करावी. सेवाग्राम आणि सावंगीच्या तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी एका लॅपटॉपवर तीन आभासी सर्व्हर उभारून दहा मिनिटांच्या मुदतीची प्रमाणपत्रे बदलून पाहावीत. हा सराव फुकट आहे आणि त्याची गरज वाढतच जाणार आहे. आणि सरकारी किंवा बँकेच्या पानावर प्रमाणपत्राचा इशारा आला, तर वाचकांनी आधी आपल्या फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते पाहावे. ती बरोबर असूनही इशारा कायम राहिला, तर पुढे जाऊ नये आणि ओटीपी मुळीच टाकू नये.